धातू ताणला की हायड्रोजन जास्त मुरतो का? कुपवाड-मिरज एमआयडीसीतून सारखे येणारे प्रश्न

कुपवाड, मिरज, पलूस, तिकडं सातारची एमआयडीसी, सगळीकडं बोल्ट, स्प्रिंगा, शाफ्ट बनतात, मग ॲसिडात बुडतात, प्लेटिंग होतं आणि कुणाच्या तरी मशीनवर आवळले जातात. त्यातला एखादा दोन दिवसांनी कुणी हात न लावता तुटतो, कारण ॲसिडात आणि प्लेटिंगमध्ये आत शिरलेला हायड्रोजन कडक स्टीलला ठिसूळ करतो, आणि मग फोन सुरू होतात. वालचंदची, कराडची इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं पण प्रोजेक्टसाठी हेच विचारतात, फक्त भाषा जरा पुस्तकी असते. तेच प्रश्न इथं एकत्र केलेत, क्रम काही खास नाही.

थोडक्यात सांगा, धातू ताणला तर हायड्रोजन जास्त विरघळतो का?

हो. ताणला तर जास्त, दाबला तर कमी. पण हे "जास्त" म्हणजे किती हे बघितलं तर बहुतेकांची निराशा होते, कारण नुसत्या लवचिक ताणानं फार वाढत नाही. खरी भानगड दोन ठिकाणी आहे. एक, हायड्रोजन आहे तेवढाच राहतो पण जिथं ताण सगळ्यात जास्त तिथं जाऊन गोळा होतो. दोन, धातू कायमचा वाकला, ओढला, म्हणजे कोल्ड वर्क (न तापवता आकार बदलणं) झालं, तर आत हायड्रोजन अडकायच्या नव्या जागा तयार होतात आणि मग आकडे एकदम वेगळे होतात. लवचिक ताण आणि कायमचा ताण या दोन गोष्टी लोक एकाच पोत्यात घालतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हायड्रोजन धातूत बसतो तरी कुठं?

वायूतला हायड्रोजन जोडीनं फिरतो, धातूच्या पृष्ठभागावर जोडी फुटते आणि एकेक अणू आत शिरतो. म्हणूनच विरघळणारा हायड्रोजन दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो, दाब चौपट केला तर हायड्रोजन दुप्पट, हा सीव्हर्ट्सचा नियम. ॲसिड पिकलिंगमध्ये (गंज काढायला ॲसिडात बुडवणं) किंवा प्लेटिंगच्या टाकीत तर अणू थेट पृष्ठभागावरच तयार होतो, त्यामुळं शिरायला आणखी सोपं.

आत गेल्यावर तो धातूच्या अणूंमधल्या फटीत बसतो. साध्या स्टीलमध्ये, म्हणजे फेराइट किंवा मार्टेन्साइट या अणूंच्या रचनांमध्ये, चार अणूंच्या मधल्या फटीत, आणि ऑस्टेनाइट (३०४, ३१६ स्टेनलेसची रचना), निकेल, पॅलेडियम असल्या धातूंत सहा अणूंच्या मधल्या मोठ्या फटीत. फट त्याला पुरेशी नसते, त्यामुळं तो आजूबाजूच्या अणूंना ढकलतो आणि धातू किंचित फुगतो. लोखंडात एक मोल हायड्रोजन घातला तर साधारण २ घन सेंटिमीटर फुगवटा येतो. हा २ चा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे.

तर आता बघा, हायड्रोजनला आत बसायला धातू फुगवावा लागतो आणि तुम्ही बाहेरून ओढून तो आधीच फुगवून ठेवलाय, म्हणजे त्याचं काम तुम्हीच केलं. दाबून ठेवलाय तर उलट त्याला तुमच्या दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. एवढंच आहे, बाकीचं गणित.

ते गणित सांगा, आकड्यात.

ताणाखालचा हायड्रोजन भागिले बिनताणाचा हायड्रोजन, हे गुणोत्तर म्हणजे ई चा घात, आणि घातात काय तर सरासरी ताण गुणिले तो २ घन सेंटिमीटरचा आकडा, भागिले आरटी (वायू स्थिरांक गुणिले केल्व्हिनमधलं तापमान). खोलीच्या तापमानाला आरटी म्हणजे साधारण २५०० ज्यूल प्रति मोल. सरासरी ताण म्हणजे तिन्ही दिशांच्या ताणांची बेरीज भागिले तीन.

एका दिशेनं ६०० एमपीए (मेगापास्कल, ताणाचं एकक) ओढलेली सळई घ्या. सरासरी ताण झाला २००, गुणिले २ म्हणजे ४०० ज्यूल, भागिले २५०० म्हणजे ०.१६, आणि ई चा ०.१६ घात म्हणजे १.१७. बस, १७ टक्के. ६०० एमपीए म्हणजे काय चेष्टा नाही, ८.८ ग्रेडचा बोल्ट (ग्रेडचा आकडा मोठा तेवढा बोल्ट कडक) जवळपास यील्डला, म्हणजे कायमचा ताणला जायच्या हद्दीला आला, आणि हायड्रोजन वाढला फक्त १७ टक्के. त्या सळईचं आकारमान वाढलंय ०.१२ टक्का, त्यामानानं १७ टक्के बरेच म्हणायचे, पण तुटायला हे कारण पुरत नाही.

मग पिळलं तर? शाफ्टवर टॉर्क असतो, ओढ नसते.

शुद्ध पिळामध्ये एका दिशेला जेवढी ओढ तेवढाच आडवा दाब, बेरीज शून्य, सरासरी ताण शून्य. हायड्रोजन चारी बाजूंना जवळपास सारखंच ढकलतो त्यामुळं त्याला फक्त आकारमानाशी मतलब. म्हणून पिळानं लवचिक हद्दीत विद्राव्यतेत काही फरक पडत नाही असंच धरा. कीवेच्या (शाफ्टवरच्या चावीच्या खाचेच्या) कोपऱ्यात मात्र ताण एवढा सरळ नसतो, तिथं हे लावू नका.

१७ टक्क्यांनी काही होत नाही म्हणता, मग बोल्ट तुटतो कशानं?

कारण बोल्ट म्हणजे गुळगुळीत सळई नाही. त्याला आटे आहेत, आट्याच्या मुळाशी खाच आहे, डोक्याखाली फिलेट (गोलसर कोपरा) आहे, आणि नशीब वाईट असेल तर क्वेंचिंगची (तापवून एकदम थंड करतानाची) बारीक चीरही आहे. खाचेपुढं धातूला तिन्ही बाजूंनी ओढ बसते, कारण शेजारचा धातू त्याला आडवा आकसू देत नाही. चिरेच्या टोकापुढं सरासरी ताण यील्डच्या अडीच पटीपर्यंत सहज जातो.

आता तेच गणित परत करा. ८.८ बोल्ट, यील्ड ६४० एमपीए, अडीच पट म्हणजे १६००, गुणोत्तर येतं ३.६. आणि १२.९ बोल्ट, यील्ड १०८०, अडीच पट २७००, गुणोत्तर येतं ८.७. म्हणजे तोच हायड्रोजन, तीच टाकी, तोच प्लेटर, पण १२.९ मध्ये चिरेच्या टोकाशी जवळपास नऊ पट गोळा होतो. शिवाय जास्त कडक स्टील थोड्या हायड्रोजनलाही दचकतं, म्हणजे दोन्हीकडून मार. म्हणूनच ८.८ वाला गिऱ्हाईक वर्षानुवर्षं बिनघोर असतो आणि १२.९ वाला परतीचा माल घेऊन दारात उभा राहतो.

यात एक मुद्दा कायम निसटतो. झिंक चढलेल्या बोल्टमध्ये बाहेरून नवा हायड्रोजन फारसा येत नाही, आतलाही बाहेर पडत नाही, कारण झिंकचा थर दोन्हीकडून झाकणाचं काम करतो. म्हणजे एकूण माल तेवढाच, फक्त वाटणी बदलते. म्हणून लॅबमध्ये अख्खा बोल्ट वितळवून हायड्रोजन मोजला आणि "रिपोर्ट चांगला आलाय की" म्हणून खूश झालं तर त्याला काही अर्थ नसतो, कारण रिपोर्ट सरासरी सांगतो आणि बोल्ट तुटतो एका जागेवर. उलट ॲसिडात, खाऱ्या पाण्यात किंवा हायड्रोजन वायूत काम करणारा भाग असेल तर तिथं पुरवठा चालू असतो, ताणलेल्या जागी जेवढा मावेल तेवढा बाहेरून भरत राहतो.

आवळल्यावर लगेच का तुटत नाही? दोन दिवस का लागतात?

चालत जावं लागतं ना त्याला. कडक स्टीलमध्ये हायड्रोजनचा डिफ्युजनचा (धातूतून सरकण्याचा) आकडा साधारण दहाचा उणे दहावा घात चौरस मीटर प्रति सेकंद धरला तर एक मिलिमीटर सरकायला तीन तासांच्या आसपास लागतात. मोठा बोल्ट असेल तर अंतर दुप्पट म्हणजे वेळ चौपट. मग चीर थोडी पुढं जाते, थांबते, परत नव्या टोकाशी हायड्रोजन गोळा होतो, परत पुढं.

याचं जगजाहीर उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजचं. मार्च २०१३ मध्ये तिथं तीन इंच व्यासाचे, गॅल्व्हनाइज केलेले, उच्च ताकदीचे ९६ अँकर रॉड ताणले आणि काही दिवसांत त्यातले ३२ तुटले. ताकदीच्या ७० टक्क्यांपर्यंतच ओढलेले होते, आणि ताणायच्या आधी बरीच वर्षं ते पाणी साचलेल्या जागेत पडून होते. तेव्हा "आमच्याकडंच असं का होतं" असं वाटत असेल तर वाटू देऊ नका.

कोल्ड ड्रॉ केलेल्या तारेत हायड्रोजन जास्त असतो म्हणतात, ते याच कारणानं का?

नाही, आणि हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर. डायमधून तार ओढली की ती कायमची लांब होते. लवचिक ताण भार काढल्यावर निघून जातो (थोडा अवशिष्ट राहतो, तो वेगळा), पण आत डिसलोकेशनचं, म्हणजे अणूंच्या रांगा चुकलेल्या रेषांचं, जंगल माजतं, बारीक पोकळ्या होतात, कार्बाइडच्या कडा सुटतात. या जागा हायड्रोजनला साध्या फटीपेक्षा फार आवडतात. ट्रॅप म्हणतात त्यांना. सांगली-स्वारगेट एसटीत उभं राहायला जरा ऐसपैस जागा झाली तर चार माणसं जास्त मावतात, तो झाला लवचिक ताण, आणि खिडकीची सीट मिळाली की माणूस स्वारगेट येईपर्यंत उठत नाही, तो झाला ट्रॅप.

आकड्यात बघा. लोखंडात डिसलोकेशनची पकड साधारण २० ते ३० किलोज्यूल प्रति मोल असते. ३० धरा. खोलीच्या तापमानाला ई चा १२ वा घात, म्हणजे साध्या फटीपेक्षा ट्रॅपमध्ये असण्याची ओढ दीड लाख पटीच्या वर. कुठं १.१७ आणि कुठं दीड लाख! त्यातून लोखंडात साध्या फटीत हायड्रोजन मुळात नगण्यच विरघळतो, खोलीच्या तापमानाला आणि एक ॲटमॉस्फिअर दाबाला दहा कोटी अणूंमागं जेमतेम एक-दोन. म्हणजे तुमच्या स्टीलमध्ये जो काही हायड्रोजन मोजला जातो तो जवळपास सगळा ट्रॅपमधलाच असतो. डार्केन आणि स्मिथ यांनी १९४९ मध्येच दाखवलं होतं की ॲसिडात ठेवलेलं कोल्ड वर्क केलेलं स्टील हॉट रोल्डपेक्षा खूप जास्त हायड्रोजन पितं.

सगळे ट्रॅप वाईट नसतात. बारीक टायटॅनियम किंवा व्हॅनेडियम कार्बाइड मुद्दाम घालतात, ते हायड्रोजनला इतकं घट्ट धरतात की तो चिरेकडं जाऊच शकत नाही. डिसलोकेशनचा ट्रॅप मात्र अर्धवट, धरतो आणि सोडतोही, आणि यील्ड होताना डिसलोकेशन सरकलं तर हायड्रोजनलाही बरोबर ओढून नेतं.

हे ताणामुळं सरकणं कुणी प्रत्यक्ष बघितलंय का, का सगळं कागदावर?

गॉर्स्की नावाच्या रशियन भौतिकशास्त्रज्ञानं १९३५ मध्ये ही कल्पना मांडली आणि पुढं ती धातूंत मोजली गेली. पट्टी वाकवा. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. हायड्रोजन आतून बाहेरच्या बाजूला सरकतो, बाहेरची बाजू आणखी फुगते आणि पट्टी भार न वाढवता हळूच थोडी जास्त वाकते. भार काढला की लगेच सगळी सरळ होत नाही, हायड्रोजन परत वाटला जाईपर्यंत थांबते. किती जास्त वाकली त्यावरून फुगवट्याचा आकडा निघतो आणि किती वेळ लागला त्यावरून डिफ्युजनचा. निओबियम, टँटलम, व्हॅनेडियम यांच्यावर हे छान दिसतं कारण त्यांत हायड्रोजन भरपूर मावतो. स्टीलच्या पट्टीवर कॉलेजात करायला जाऊ नका, त्यात हायड्रोजन इतका कमी की काही दिसायचं नाही.

पॅलेडियमचं एवढं कौतुक का?

कारण ते हायड्रोजन पितं म्हणजे पितंच. थॉमस ग्रॅहमनं १८६० च्या दशकात दाखवलं की पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन घेतं. दहा अणूंमागं सहा-सात हायड्रोजन, आणि धातू साधारण १० टक्के फुगतो. इथं ताणाचा खेळ वेगळ्या तऱ्हेनं चालतो, पहिले शिरलेले अणू जाळी फुगवतात म्हणून पुढच्यांना शिरणं सोपं जातं, आणि सुमारे २९० डिग्रीच्या खाली हायड्रोजन कमी असलेला आणि हायड्रोजन भरलेला असे दोन वेगळे भाग पडतात. हायड्रोजनच स्वतःसाठी ताण तयार करतो म्हणा ना.

पण तेच पॅलेडियम काचेवर पातळ फिल्म म्हणून चिकटवलं तर खालची काच त्याला आडवं फुगू देत नाही, फिल्ममध्ये प्रचंड दाब तयार होतो आणि हायड्रोजनला आत शिरणं अवघड होतं. सेन्सर बनवणाऱ्यांची इथंच दांडी उडते, पुस्तकातला जाड धातूचा आलेख घेतात आणि फिल्मचं रीडिंग जुळत नाही.

अणुभट्टीच्या झिर्कोनियम नळ्यांचा याच्याशी काय संबंध?

फार जवळचा. झिर्कोनियममध्ये हायड्रोजन मर्यादेपलीकडं गेला की हायड्राइडच्या ठिसूळ पापुद्र्या बनतात आणि त्या मूळ धातूपेक्षा साधारण १७ टक्के जास्त जागा मागतात. ती जागा करायला आजूबाजूचा धातू ढकलावा लागतो, त्याला ऊर्जा लागते. म्हणून नळी थंड करताना पापुद्र्या उशिरा बनतात आणि गरम करताना विरघळायला वेगळंच तापमान लागतं, एकाच नळीला विद्राव्यतेच्या दोन रेषा मिळतात. त्यात नळीवर आतून दाब असेल तर नळी परिघानं ताणली जाते, आणि थंड होताना त्या ताणाखाली पापुद्र्या भिंतीला समांतर बनायच्या ऐवजी आरपार उभ्या बनू लागतात, म्हणजे चिरेला आयती वाट.

बेकिंग केलं, म्हणजे प्लेटिंगनंतर भट्टीत तापवलं, की सगळा हायड्रोजन जातो ना?

सगळा नाही. पण उपयोग होतो आणि कसा होतो ते वरच्याच गणितानं कळतं. ३० किलोज्यूलच्या ट्रॅपची ओढ खोलीत दीड लाख पट होती, २०० डिग्रीला ती दोन हजार पटीवर येते, शिवाय हायड्रोजन पळतोही जोरात. म्हणून १९० ते २२० डिग्री आणि कडकपणा, जाडी बघून ४ तासांपासून २४ तासांपर्यंत. ६० किलोज्यूलच्या खोल ट्रॅपमधला मात्र २०० डिग्रीलाही जागचा हलायला तयार नसतो, आणि तो हलत नाही म्हणूनच त्याची काळजी कमी.

दोन गोष्टींवर भांडण होतं. बेकिंग प्लेटिंगनंतर लवकर करायचं, "भट्टी उद्या मोकळी होईल" चालत नाही, कारण प्लेटिंगच्या अवशिष्ट ताणाखाली तेवढ्या वेळात चीर सुरू होऊ शकते आणि झालेली चीर बेकिंगनं भरत नाही. दुसरं, पिवळं पॅसिव्हेशन (झिंकवरचा रासायनिक संरक्षक थर) बेकिंगनंतर, आधी नाही, नाहीतर थर खराब होतो. आणि १२.९ ला झिंक प्लेटिंग करायचंच कशाला हा माझा जुना प्रश्न आहे, झिंक फ्लेकचं (झिंकच्या बारीक पापुद्र्यांचं, रंगासारखं लावायचं) कोटिंग मिळतं, त्यात कोटिंग चढवताना हायड्रोजन तयारच होत नाही. आधीची सफाई ॲसिडऐवजी ब्लास्टिंगनं केली म्हणजे झालं. महाग आहे म्हणतात, परतीच्या मालाचा हिशेब कुणी करत नाही.

शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा) केलं तर फायदा का तोटा?

दोन्ही. पृष्ठभागावर दाबाचा ताण बसतो, तिथं विद्राव्यता घटते, बारीक चिरा मिटून राहतात. पण शॉटच्या मारानं तिथंच डिसलोकेशन प्रचंड वाढतात, म्हणजे ट्रॅप वाढले. एकूण हायड्रोजन मोजला तर पीन केलेला नमुना जास्त दाखवू शकतो आणि तरी तो जास्त टिकतो, यात विसंगती काही नाही. स्प्रिंगवाल्यांनी पीनिंग जरूर करावं, फक्त प्लेटिंगच्या आधी.

वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचे बोल्ट तर मोठे आणि ताणलेले, ते का तुटत नाहीत?

टॉवरच्या जोडाला सहसा १०.९ ग्रेड वापरतात, त्याच्या वर जात नाहीत, ते उगाच नाही. १०.९ चा कडकपणा साधारणपणे धोक्याच्या रेषेच्या खाली राहतो, ती रेषा मोठमोठ्या स्टँडर्डांत ३९-४० एचआरसीच्या (रॉकवेल कडकपणाच्या) आसपास धरतात. उष्णता प्रक्रियेत गडबड होऊन एखादी बॅच त्याच्या वर गेली तर मग कागदावरचा १०.९ कामाचा नाही. पठारावर पावसाळाभर धुकं आणि पाणी असतं, झिंक झिजताना थोडा हायड्रोजन तयार होतच राहतो, त्यामुळं कडकपणा तपासणं सोडू नये.

स्टेनलेसला हा त्रास नाही म्हणे?

३१६ एल ला कमी. ऑस्टेनाइटमध्ये हायड्रोजन मावतो जास्त पण सरकतो इतका हळू की खोलीच्या तापमानाला एक मिलिमीटर जायला शेकडो वर्षं लागतील. ३०४ मात्र थंड अवस्थेत जोरात वाकवलं तर त्याच्यात मार्टेन्साइट तयार होतं, त्यात हायड्रोजन सुसाट पळतो, मग ऑस्टेनाइटमध्ये साठलेला माल आणि मार्टेन्साइटचा रस्ता, दोन्ही एकाच तुकड्यात मिळाले. वाकवलेल्या ३०४ ला चुंबक चिकटतं का बघा, चिकटलं तर समजायचं.

डिप्लोमाच्या प्रोजेक्टला स्वस्तात काय करता येईल?

पर्मिएशनचा (पत्र्यातून हायड्रोजन आरपार जाण्याचा) सेल पोटेन्शियोस्टॅट (व्होल्टेज स्थिर ठेवून करंट मोजणारं यंत्र) असेल तर जमतो. देवनाथन आणि स्टाखुर्स्की यांनी १९६२ मध्ये दिलेली पद्धत, पातळ पत्र्याच्या एका बाजूला हायड्रोजन सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला करंटनं मोजायचा. एकच पत्रा आधी ॲनील केलेला (तापवून मऊ केलेला) आणि मग रोलिंग केलेला असा दोनदा लावा, रोल केलेल्यात करंट यायला उशीर लागतो, तो उशीर म्हणजे ट्रॅप भरायचा वेळ. यील्डच्या खाली नुसता ताणून लावला तर फरक अगदी थोडा येईल, आणि तो तसाच यायला हवा.

तेही नसेल तर १२.९ चे बोल्ट घ्या, निम्मे ॲसिडात बुडवा, निम्मे कोरडे ठेवा, जाड प्लेटमध्ये सारख्या टॉर्कनं आवळा आणि किमान ४८ तास सोडा. आयएसओ १५३३० ची चाचणी साधारण याच धर्तीची आहे. प्लेटवर जाड पत्र्याचं झाकण घाला आणि बोल्टच्या डोक्याच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नका, तुटलं की डोकं गोळीसारखं सुटतं, आणि ते रात्री तीनला सुटेल का पोरं डबा खात असताना सुटेल ते सांगता येत नाही.